जरा उजेडातून बाजूला व्हा

जोडायच्या यंत्रमानवाच्या खोक्यावर वयोगट छापला होता: ८ वर्षं आणि पुढे. त्यातलं 'आणि पुढे' माझ्यासाठी आहे असं मी धरून चाललो होतो. दुकानातली मुलगी तसं धरून चालली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं आणि कमरेत वाकून विचारलं, भेट द्यायची आहे ना, कागद कुठला लावू? नको म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला जपानीत नक्कीच काहीतरी सभ्य नाव असेल. पण ते जाऊ दे. ती परकी. माझी तक्रार घरच्या माणसाबद्दल आहे. माझे सासरे, आप्पा.

आम्ही राहतो टोकियोत, निशी-कासाईला. इथे इतकी वर्षं काढूनही मी गंडमच्या वाटेला गेलो नव्हतो. ऑफिसात एका सहकाऱ्याच्या टेबलावर एक उभा असतो आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये तो माझ्यापेक्षा जास्त लक्ष देतो, एवढीच ओळख. गंडम ही जपानी कार्टून मालिका, १९७९ची. १८ मीटर उंचीचा यंत्रमानव, आणि त्याच्या आत बसून तो चालवणारा आमुरो नावाचा १५ वर्षांचा मुलगा. पहिल्यांदा लागली तेव्हा प्रेक्षकच मिळेनात, म्हणून ठरल्याच्या आधीच ४३ भागांवर गुंडाळली. मग पुन्हा दाखवली तेव्हा लोक वेडे झाले. जुलै १९८०मध्ये बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने ३०० येनला त्याचा प्लास्टिकचा संच काढला आणि पोरांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. तेव्हा गोंद लावावा लागायचा, रंगही आपणच द्यायचा, बोटं चिकटायची. म्हणजे काहीतरी केल्यासारखं तरी वाटत असेल.

मी आणला तो 'एंट्री ग्रेड'. २०२०मध्ये माझ्यासारख्यांची कीव येऊन काढलेला. गोंद नको, रंग नको, स्टिकर नको, कटरसुद्धा नको. तुकडे बोटाने दाबले की चौकटीतून सुटतात आणि एकमेकांत दाबले की टक्क करून बसतात. चुकायला जागाच नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं. आठवडाभर मी दुसऱ्यांनी लिहिलेले कोडचे तुकडे एकमेकांना जोडायचा प्रयत्न करतो. ते बसत नाहीत, आणि सोबत चित्रंही नसतात. रविवारी एक तास काहीतरी टक्क करून बसावं, एवढीच अपेक्षा होती.

आप्पा आणि आई तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. आप्पांची उभी हयात भोसरी एमआयडीसीत गेली, टूल रूममध्ये. प्लास्टिकच्या वस्तूंचे डाय, म्हणजे साचे. बादल्या, डब्यांची झाकणं, पुढे गाड्यांचे पार्ट. माणूस रिटायर झाला, पण अंगठ्याचं नख अजून ड्यूटीवर असतं. प्लास्टिकची कुठलीही वस्तू हातात आली की नख तिच्या कडेवरून फिरतं. विमानतळावरच्या ट्रॉलीच्या मुठीवरून फिरलं, आमच्या बाथरूममधल्या मगावरून फिरलं. ओदाइबाला तो १९.७ मीटर उंचीचा युनिकॉर्न गंडम उभा होता, तो दाखवायला नेलं. ठरल्या वेळी त्याचे दिवे लागायचे, शिंग उघडायचं. सगळी गर्दी मोबाईल वर धरून उभी. आईंनी विचारलं, "याची जत्रा कधी असते?" आणि आप्पा खाली वाकून बघत होते, याला बोल्ट किती मारलेत. शिंग उघडलेलं त्यांनी बघितलंच नाही.

तर रविवार. दुपारची जेवणं झालेली. मी टेबल पुसलं, खोकं उघडलं, माहितीपत्रक पसरलं. आप्पा समोर येऊन बसले.

"हे काय, जावईबापू?"

"मॉडेल आहे आप्पा. जोडायचं."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"हं," आप्पा म्हणाले. हा 'हं' माझ्या ओळखीचा आहे. मोशीला प्लॉट घ्यायचं सोडून मी ते पैसे शेअरमध्ये टाकले तेव्हा हाच आला होता.

मी पिशवी फाडून पहिली चौकट बाहेर काढली. चौकट म्हणजे तुकडे ज्या प्लास्टिकच्या जाळीत अडकवलेले असतात ती. आप्पांच्या भाषेत रनर. पहिला तुकडा सुटा करणार, एवढ्यात ती माझ्या हातातून गेली. हिसकावली म्हणणार नाही, सासरे आहेत. पण गेली.

"थांबा," आप्पा म्हणाले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "हे चार रंग आहेत."

"हो."

"एका रनरवर."

"हो."

"एका शॉटमध्ये? एकाच दमात ओतलेले?"

आता मला काय ठाऊक? मी हो म्हणालो. आप्पांनी चौकट खिडकीकडे धरली. पांढऱ्याच्या शेजारी निळा, त्याला लागून लाल, कोपऱ्यात पिवळा, आणि कुठेही एक रंग दुसऱ्यात सांडलेला नाही. नख निघालं. चौकटीच्या एका दांडीवरून निघून सगळी गल्लीबोळं फिरून परत आलं. आप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"आप्पा, त्यातला ए-४ हवाय मला."

"देतो. गेट कुठं दिलंय ते बघू दे."

इथून पुढे माझं मॉडेल आप्पांच्या ताब्यात गेलं. मी नंबर सांगायचा. आप्पा तो तुकडा स्वतः सोडवणार, चौकटीपासून तुटला ती जागा, म्हणजेच गेट, उजेडात तपासणार, नख फिरवणार, मान हलवणार आणि मग स्टोअरमधून माल इश्यू करावा तसा माझ्या तळहातावर ठेवणार. सही तेवढी घेतली नाही. टक्क करायचं काम माझ्याकडे होतं, पण तेही फार वेळ टिकलं नाही. छाती बसवताना त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "हा फिट मला बघू दे." दाबलं. टक्क. "वा," ते म्हणाले. माझ्या तीन टक्कांना कुणी वा म्हटलं नव्हतं.

दोन्ही पाय तयार झाले तेव्हा मला वाटलं, सुटलो. आप्पा डावा पाय डोळ्यांपाशी धरून बसले होते.

"पार्टिंग लाइन सापडत नाहीये."

"म्हणजे?"

"डायच्या दोन बाजू मिटतात तिथं रेघ येते. येतेच. देवाने केला तरी येते. ह्याला कुठंय?"

"नसेल."

"नसेल कशी? आहे. लपवलीय."

आणि त्या माणसाने, आईंची सफरचंद कापायची सुरी घेऊन, माझ्या गंडमचा पाय उघडला. मी "अहो, अहो" करेपर्यंत पोटरीचे दोन भाग टेबलावर होते. आतल्या बाजूला बारीक गोल ठसे होते, ते मला त्यांनी बोट ठेवून दाखवले. तुकडा साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे ते ठसे. "बघा. सगळ्या इजेक्टर पिना आतून. बाहेरच्या अंगाला एकसुद्धा नाही. आणि जोड कुठं आणलाय बघा. ही चिलखताची रेघ आहे ना, तुम्ही तिला डिझाइन समजता. तिथं आणलाय. च्यायला."

आप्पांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. आमच्या लग्नात केटररने ऐन पंगतीत जिलबी संपली म्हणून सांगितलं, तेव्हाही त्यांनी तो काढला नव्हता. आणि आत्ता तो आरती संपल्यावर डोळे मिटतात त्या सुरात आला.

मग ते बोलायला लागले. मला नाही, पोटरीला सांगत होते. डब्याच्या झाकणाचा एक डाय होता, झिजलेला. कडेने पातळ पापुद्रा यायचा, फ्लॅश. आप्पा लिहून द्यायचे, डाय उतरवा, दुरुस्त करू. वरून उत्तर यायचं, ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू. ऑर्डर गेली की दुसरी. शेवटी बाया लावल्या, कंत्राटावर, हातात ब्लेड देऊन, दिवसभर त्या कडा खरवडायला. बोटं कापायची, चिंध्या बांधून परत बसायच्या. "डायला खर्च येतो म्हणायचे. बाया स्वस्त." हे बोलताना त्यांनी पोटरीचे दोन्ही भाग जुळवून बघितले, पुन्हा वेगळे केले, पुन्हा जुळवले. "ह्यांनी डायवर खर्च केलाय. म्हणून तुम्ही बिनब्लेडचे बसलाय इथं."

इथे माझं मन भरून यायला हवं होतं, हे मला समजतं. पण माझा गंडम एका पायावर होता आणि दुसरा पाय पुरावा म्हणून जप्त झाला होता.

संध्याकाळी एकदाचा तो उभा राहिला. साडेबारा सेंटिमीटर, १/१४४ प्रमाणात. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात ढाल. खांदा फिरतो, गुडघा छान दुमडतो. मी तो आप्पांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी बघितलं.

"यात तुम्ही काय केलंत?"

"जोडला."

"ते खरं." थोडा वेळ गेला. "याच्याहून अवघड येतात का?"

"येतात ना. हाय ग्रेड, रिअल ग्रेड, मास्टर ग्रेड. सगळ्यात वर परफेक्ट ग्रेड."

"आणि तुम्ही हा आणलात."

यापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं, मी नीट ऐकलं.

आता मला एक सांगा. मी एक तास टेबलाशी बसलो तर तो खेळ. ते चार तास त्याच टेबलाशी, त्याच प्लास्टिकशी बसले, तर तो अभ्यास. बायको चहा घेऊन आली, तो आप्पांच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "तुझं आवरलं असेल तर कपडे वाळत टाक." आमच्यात मोठ्या माणसाने काही करायचं तर त्यातून प्लॉट तरी निघाला पाहिजे, नाहीतर वजन तरी उतरलं पाहिजे. सकाळी सहाला उठून रोज त्याच बागेला त्याच फेऱ्या मारणाऱ्याला कुणी विचारत नाही, पुढे काय करणार याचं. मोबाईलवर दिवसभर गुलाबाची फुलं पुढे ढकलणाऱ्यालाही विचारत नाहीत. मला मात्र त्या एका रविवारात तिघांनी विचारलं. आईंनी तर, कुठे ठेवणार, असंही विचारलं. शोकेसमध्ये आमच्या हनीमूनचा फोटो आहे, तो हलवायचा नाही, हे मी न विचारताच सांगितलं गेलं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण रात्री आठला, म्हणजे तिकडे दुपारी साडेचारला, आप्पांनी भोसरीला व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा रिटायर लोकांचा कट्टा चहाला जमतो ती वेळ. पडद्यावर चार टकली आणि एक माकडटोपी. मला वाटलं, आता दाखवतील. मी केस सारखे केले, गंडमची ढाल जरा पुढे आणली, बंदूक वर केली आणि आप्पांच्या खांद्यामागे, कॅमेऱ्यात येईल असा उभा राहिलो. आप्पांनी खुर्चीखालून रिकामी चौकट काढली. तुकडे सगळे गेलेले, नुसत्या चार रंगांच्या दांड्या. ती त्यांनी दोन्ही हातांनी दिव्यासमोर धरली. पलीकडून कुणीतरी "आई शप्पत" म्हणालं. माकडटोपी पुढे सरकली, म्हणाली, "आप्पा, तो कोपरा दाखव, लाल लागतोय तिथला." आणि आप्पा मागे न बघता मला म्हणाले,

"जावईबापू, जरा उजेडातून बाजूला व्हा."

मी झालो. गंडमही झाला.

मग ती चौकट टाकायचा विषय निघाला. मी सांगितलं की कंपनी २०२१पासून या रिकाम्या चौकटी परत गोळा करते, पेट्या ठेवल्यात, त्यांचं पुन्हा प्लास्टिक करतात. मला वाटलं, भोसरीच्या माणसाला हे आवडेल. आप्पा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांनाच पेटीत टाकायला निघालोय. "स्क्रॅप? हे?" पुढचे काही दिवस ती आमच्या पाहुण्यांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. हे सगळं शिझुओकाला होतं हे माझ्याकडून कळल्यावर तर त्यांनी फुजीच्या सहलीत डोंगराकडे पाठ करून मला विचारलं, "फॅक्टरी कुठल्या बाजूला म्हणालात?" ज्या दिवशी फुजी पूर्ण दिसतो असा दिवस मिळायला नशीब लागतं. ते नशीब त्यांनी पाठीने बघितलं.

परत जाताना बॅगा भरल्या, तेव्हा चौकटीला आईंच्या दोन साड्यांमध्ये जागा मिळाली. आईंनी हौसेने घेतलेले चिनीमातीचे सहा वाडगे वजनाच्या नावाखाली आमच्याकडेच राहिले. आई विमानतळापर्यंत आप्पांशी बोलल्या नाहीत. या बाबतीत मी पूर्णपणे आईंच्या बाजूने आहे आणि वाडगे मी वापरणारही आहे.

आज सकाळी मेट्रोत, दोन्ही बाजूंनी दाबलेल्या अवस्थेत, आप्पांचा मेसेज वाचला. सुखरूप आहोत, पाऊस नाही, मोशीचा भाव वाढला. आणि खाली:

"कट्ट्यावर सर्वांना फार आवडली. शेलारांनाही एक पाहिजे. तुम्ही दिवाळीत याल तेव्हा आणावी. चार रंगांचीच बघून घ्या. आतला माल तुम्ही काढून ठेवलात तरी चालेल."