कुणाला विचारायचं नाही, आपण जुने आहोत

तर मंडळी, तुम्हाला झाडं लावायला लागून पंचवीसेक वर्षं झाली असतील तर एक करा, कुणाला काही विचारू नका. विचारलं की संपलं, समोरच्याला कळतं की तुम्हाला काहीतरी माहीत नाहीये, आणि समोरचा म्हणजे कोण, तर दोन वर्षांपूर्वी पहिलं रोप आणलेला पोरगा, ज्याच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त झाडं जिवंत आहेत (ते नशीब असतं, त्यावर जाऊ नका).

पान पिवळं दिसलं की पाणी. झाडाने मान टाकली की अजून पाणी. पोरगा म्हणेल, काका, माती ओलीच आहे, बोट घालून बघा ना, सारखं पाणी घातलं की मातीतली हवा जाते, मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढताच येत नाही म्हणून झाड चिखलात उभं राहून तहानेने मान टाकतं. ऐकून घ्या, हसा, आणि तो गेला की झारी भरा. मातीत बोटं घालायला आपण काय नवशिके आहोत?

कुंडीच्या तळाशी खडी घालायचीच. का, ते आपणही कधी विचारलं नव्हतं. तो परत सुरू होईल, की बारीक मातीतलं पाणी खडीत पटकन उतरत नाही, आधी माती चिंब व्हावी लागते, म्हणजे निचरा काही सुधारत नाही, उलट तो चिंब थर वर मुळांपाशी येतो. बरं बाबा. पण मी एवढी खडी आणून ठेवलीये तिचं काय करू?

आणि ह्या नव्या झाडवाल्यांचं आपसात काय चालतं बघितलंय? एक सांगतो, टोमॅटो छातीएवढा झाला, हिरवागार, पण फूल नाही. दुसरा म्हणतो खतातला नायट्रोजन जास्त झालाय, म्हणून नुसती पानंच येतायत, माझंही असंच झालं होतं. माझंही असंच झालं होतं! चारचौघांत! आपलं झाड मेलं की आपण कसं अंधार पडल्यावर गुपचूप कुंडी रिकामी करतो आणि मागच्या कोपऱ्यात पालथी घालतो. माझा तो कोपरा आता भरत आलाय, पण असो.

कुणी अनुभव विचारला तर छाती काढून पंचवीस वर्षं सांगा. सगळ्यात जुनं झाड किती वर्षांचं असं विचारलं तर हवामानावर बोला. पूर्वीसारखं हवामान राहिलं नाही, पूर्वीसारखं बियाणं राहिलं नाही, एवढ्यात अर्धा तास सहज जातो.

परवा त्या पोराने मुळं फुटलेलं एक कटिंग आणून दिलं. म्हणाला, वरची माती इंचभर सुकल्याशिवाय पाणी नको. दोनच पानं आहेत त्याला, त्यातलं एक आज जरा पिवळट वाटतंय. सकाळी घातलंय पाणी, आता परत घालतो.