ज्वारीचं ताट

परवा रात्री एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. पुण्यात नोकरी करते, दिवसभर खुर्चीत बसून काम. म्हणाली, "बाई, ज्वारीची भाकरी सुरू केलीय. किती दिवसांत फरक पडेल?" तिला वजनाबद्दल विचारायचं होतं. मला सुचलं ते मी सांगितलं, पण फोन ठेवल्यावर माझंच समाधान होईना. म्हणून आज सगळं इथे लिहिते आहे. लांबेल, सवडीनं वाचा.

आधी तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. ज्वारी म्हणजे औषधाची गोळी नव्हे. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात आणि चोथा, म्हणजे फायबर, तोही जवळपास तेवढाच. न चाळलेल्या गव्हाच्या कणकेतसुद्धा चोथा कमी नसतो. मग भाकरीनं अंग हलकं का वाटतं? माझ्या मते त्याचं कारण भाकरीच्या सोबतीत आहे. भाकरी कोरडी घशाखाली उतरत नाही. तिला पातळ वरण लागतं, पालेभाजी लागते, ताक लागतं, निदान कांदा तरी लागतो. ती थापायला आणि भाजायला तेलाचा थेंबही लागत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ उकळत्या पाण्यानं मळावं लागतं, आणि पीठ जुनं झालं की भाकरी थापताना चिरते. म्हणजे दळण थोडं थोडं आणायचं आणि भाकरी ताजी खायची. आता दुकानात ज्वारीची बिस्किटं मिळतात. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. कित्येकदा ज्वारीच्या आधी मैदा आणि साखर लिहिलेली दिसते. ती भाकरी नव्हे.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गेली पंधरा वर्षं साखरेचा त्रास आहे. डॉक्टरांनी त्यांना भाकरी खा म्हणून सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाले, "पण मोजून. ज्वारी झाली तरी तिच्यातही पिष्ट आहेच." हे मी मुद्दाम लिहिते, कारण भाकरी सुरू करून गोळ्या बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत. तसं कृपा करून करू नका.

पण त्या मुलीला मला खरं तर वेगळंच सांगायचं होतं.

आपल्या भाषेत जेवायच्या ताटालाही ताट म्हणतात आणि ज्वारीच्या उभ्या धांड्यालाही ताटच म्हणतात. लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं. रब्बीची ज्वारी हस्ताच्या ओलीवर पेरायची. मग काळ्या जमिनीत मुरलेल्या पाण्यावर ती चार-साडेचार महिन्यांत पिकते. पुरुषभर उंच ताटं. त्यांतलं कणीस माणसाचं. कणीस खुडल्यावर उरलेला कडबा गाई-बैलांचा. खळ्यात सांडलेले दाणे चिमण्यांचे आणि होल्यांचे. राहिलेली धसकटं चुलीत. ज्वारीत मधे मधे आणि कडेनं करडईचे पाटे असत. करडई काटेरी, त्यामुळे ढोरं आत शिरत नसत. कोवळी असताना तिची भाजी व्हायची आणि वाळल्यावर तिचंच तेल फोडणीला. एका शिवारात माणसाचं, जनावराचं आणि पाखराचं जेवण एकदम पिकत होतं. त्यासाठी कुणी वेगळं काही करत नव्हतं.

मालदांडीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला गेल्या शतकात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण. लोक तो अजूनही मागतात, कारण भाकरी गोड लागते आणि कडबा जनावर आवडीनं खातं. वाण निवडताना ढोराची जीभसुद्धा विचारात घेतली जायची, हे मला फार मोठं वाटतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे वर्ष जगभर भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. चांगलं झालं. पण त्या वर्षी जेवढी भाषणं मी ऐकली त्यांत दाण्यातल्या लोहाबद्दल आणि चोथ्याबद्दल सगळे बोलले, कडब्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आमच्या लातूर भागात काय झालं ते सांगते. खरिपात सोयाबीन आलं. रब्बीत ज्वारीच्या जागी हरभरा आला. पाणी होतं तिथे ऊस आला. शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही. रब्बीची ज्वारी हातानं उपटून काढावी लागते आणि त्याला माणसं मिळत नाहीत. बाजारात तिला भाव नसायचा. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले, मग ज्वारी खाणारंही घरात कुणी उरलं नाही. पण ज्वारी ताटातून गेली तसा गावातला कडबा गेला. सोयाबीनचा भुसा, ज्याला गुळी म्हणतात, तो काही कडबा नव्हे. उसाचं वाढं, म्हणजे तोडणीत उरलेले हिरवे शेंडे, फुकट मिळतं, पण त्यात ऑक्झॅलेट असतं, ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. नुसत्या वाढ्यावर ठेवलेली दुभती गाय हळूहळू खंगत जाते. जाणते लोक म्हणूनच वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायचे. आणि हेही खरं की कोवळी ज्वारीसुद्धा जनावराला विष होते. आमचे आजोबा गुडघ्याएवढ्या ज्वारीत चुकूनही ढोर जाऊ द्यायचे नाहीत. प्रेम म्हणजे समोर दिसेल ते खायला घालणं नव्हे. कुणाला काय सोसतं, ते माहीत असणं हाच त्यातला मोठा भाग.

शहरात हे रोज दिसतं. रात्रीचा उरलेला भात, शिळ्या पोळ्या, भाजीची देठं, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून, गाठ मारून कोपऱ्यावर ठेवायचं. गाईला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पोटातून पुढे सरकत नाही, साठत जातं, आणि गाय भरल्या पोटानं उपाशी मरते. आमच्या गल्लीत फिरणाऱ्या एका गाईचं पोट डॉक्टरांना फाडावं लागलं, तेव्हा मी तिथे उभी होते. घमेली भरून पिशव्या निघाल्या, एकमेकींत पीळ पडलेल्या, चिखलासारख्या. त्यांतल्या एकीवर आमच्या नेहमीच्या दुकानाचं नाव वाचता येत होतं. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. त्या दिवशी घरी आल्यावर मी ओट्याखाली एक बादली ठेवली. सालं, देठं त्यात, आणि ती भाजीवाल्या मावशींच्या शेळ्यांना. एवढंच. पण त्या बादलीत मी भाताची पातेली रिकामी करत नाही. लग्नाच्या पंगतीत उरलेला भात, पुऱ्या, जिलेबी गाईपुढे ओतणं हे पुण्य नाही. एकदम एवढं पिष्ट पोटात गेलं की आत आंबतं, पोट डब्ब होतं, आणि गाय दगावूही शकते. कुणाच्या घरी कार्य असेल तर एवढं लक्षात ठेवा, हात जोडून सांगते.

आता पाणी.

२०१६ चा उन्हाळा ज्यांनी लातुरात काढला त्यांना पाण्यावर भाषण द्यायची गरज नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. लोक फोटो काढायला धावले, मीही गेले होते. तिथे एक म्हातारे गृहस्थ रुळाकडे बघत उभे होते. मला म्हणाले, "माणसाला आलं बघा. ढोराचं काय?" त्यांचे बैल चारा छावणीत होते. दुभत्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला ६०-७० लिटर पाणी सहज लागतं. हंड्यानं भरून ते पुरं कसं पडायचं? त्या वर्षी कितीतरी दावणी कायमच्या रिकाम्या झाल्या. आणि त्याच जिल्ह्यात वर्षभर रानात उभा राहून पाणी पिणारा ऊसही होता. तेव्हापासून मला चार महिन्यांत ओलीवर पिकणारी ज्वारी म्हणजे पाण्याची बचत वाटते. भाकरी खाणं हाही पाणी जपण्याचाच एक प्रकार आहे. त्या मुलीला हे सांगायचं राहून गेलं होतं.

पाणी किती प्यावं, हाही तिचा प्रश्न होता. आठ ग्लास, तीन लिटर असे आकडे मला पटत नाहीत. कामाप्रमाणे, उन्हाप्रमाणे गरज बदलते. लघवी फिकट पिवळी असेल तर बरं चाललंय, गडद झाली तर शरीर मागतंय, एवढी खूण बहुतेकांना पुरते. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं. म्हाताऱ्या माणसांची तहानेची जाणीव कमी होते, त्यांना "पाणी हवं का?" असं विचारू नये, तांब्या-भांडं हातात द्यावं. अण्णांना मी तसंच देते. ते "नको" म्हणतात आणि पितात.

पण माझी खरी काळजी मुलींची आहे. अठ्ठावीस वर्षं शिकवते आहे. सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी नेणाऱ्या मुली मी प्रत्येक वर्गात पाहिल्या. आळस म्हणून नव्हे. शाळेच्या स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. डोकं दुखतं, फळ्याकडे लक्ष लागत नाही, पुढे लघवीचे संसर्ग होतात. केरळमधल्या शाळांत २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू झाली, ठरलेल्या वेळी सगळ्यांनी पाणी प्यायचं. आमच्याकडेही ती आली. कल्पना सुंदर आहे. पण मी ज्या शाळेत होते तिथे घंटा वाजायची आणि स्वच्छतागृहाला कुलूप असायचं. मुली घंटेला बाटली तोंडाला लावायच्या, ओठ ओले करायच्या आणि झाकण लावायच्या. मी दोन वर्षं त्या कुलपासाठी भांडले. शेवटी किल्ली माझ्याकडेच दिली. सफाईचं साहित्य आम्ही शिक्षिकांनी वर्गणी काढून आणलं. महिन्याभरात बाटल्या रिकाम्या घरी जायला लागल्या. आईवडिलांनो, मुलगी पाणी पीत नाही म्हणून तिला रागावण्याआधी एकदा शाळेचं स्वच्छतागृह बघून या.

गच्चीवरच्या पाण्याचंही थोडं. पाखरांना घाम येत नाही, उन्हात ती चोच उघडून धापा टाकतात. मातीची पसरट ताटली ठेवा, दोन इंचांपेक्षा खोल नको, मधे एक दगड, म्हणजे चिमणीला उभं राहता येतं. सावलीत ठेवा. आणि पाणी रोज बदला, नाहीतर आठवड्याभरात त्यातून डास उठतात. दाणे घालायचे तर ज्वारी-बाजरीचे घाला, फरसाण आणि शेव नको. मात्र चिमणीची पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना अळ्या आणि किडे लागतात. कुंडीतल्या झाडावर जरा अळी दिसली की फवारा मारणाऱ्यांनी पुढे ताटली ठेवून उपयोग नाही. माझ्या कढीपत्त्याची पानं अळ्या खातात. खाऊ देते. आमटीला मला चार पानं पुरतात.

वेळा अमावस्येला, म्हणजे रानात जाऊन पूजा करायच्या सणाला, आमच्याकडे अख्खं शहर रिकामं होतं. सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, तिच्यात पांडवांची पूजा, मग भज्जी, पिठाचे उंडे, आणि माठातली आंबील. भज्जीत त्या मोसमात शिवारात मिळेल ते सगळं पडतं, वाल, तूर, हरभरा, मेथी, चाकवत, गाजर. आणि आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक. जेवायच्या आधी पिकात फिरून ती शिंपडतात. आपण प्यायच्या आधी रानाला पाजतात. गेल्या वर्षी आमच्याच शेतातल्या कोपीसाठी कडबा मिळेना. धाकट्या भावानं तीन गावं फिरून दहा पेंढ्या आणल्या. आई काही बोलली नाही, पण कोपीतून बाहेर येईना.

त्यानंतर भावानं दोन एकर मालदांडी पेरली. आसपास कुणाचीच ज्वारी नव्हती, त्यामुळे पंचक्रोशीतली सगळी पाखरं त्याच्या एकट्याच्या रानात उतरली. कणसंच्या कणसं मोकळी झाली. लोक ज्वारी सोडतात त्याचं हेही एक मोठं कारण आहे, आणि ते पाखरांवर ढकलू नका. सगळ्यांनी पेरली होती तेव्हा सगळ्यांचं थोडं थोडं जायचं, कुणाला कळतही नसे. यंदा त्यानं बांधावरच्या दोघांना गळ घातली आहे, सोबत पेरू या म्हणून. ते तयार आहेत, फक्त म्हणतात, घेणार कोण ते आधी सांगा.

म्हणून काल मीच त्या मुलीला परत फोन केला. म्हटलं, वजनाचं राहू दे, मार्चमध्ये ज्वारी किती घेशील ते आत्ता सांग, भाव आधी ठरवू. तिनं तिच्या इमारतीत विचारलं. सकाळी निरोप आला, पाच घरं मिळून अडीच क्विंटल. शेवटी तिनं विचारलं, "बाई, मग आमच्या वाटणीच्या कडब्याचं काय?"

तो इथेच राहील, मी म्हणाले. भावाच्या शेजारच्या आक्कांकडे दोन गाई आहेत, एक गाभण आहे.