आमच्या भिंतीवरचा धबधबा

बेळगावात आमच्या शहापुरातल्या घराच्या कंपाउंडवर गेली पंधरा वर्षं एकच साहित्य होतं, 'येथे लघवी करू नये', आणि ते नीट वाचायला माणसं अगदी भिंतीजवळ येऊन उभी राहायची. मग मी देवांच्या फरशा बसवल्या, तर लोक देवाला नमस्कार करून दोन फूट पलीकडे सरकायला लागले.

अशात एक दिवस चार पोरं शिडी आणि रंगाचे डबे घेऊन हजर. "काका, ब्युटिफिकेशन आहे, भिंत द्याल काय?" 2016 मध्ये पहिल्या 20 स्मार्ट सिटींत आपलं नाव आलं तेव्हापासून हा शब्द ऐकला की मला आधी खोदलेला रस्ता दिसतो, म्हणून मी नाहीच म्हणणार होतो. खरं भाचा म्हणाला, "मामा, दिल्लीत लोधी कॉलनीतल्या सरकारी क्वार्टर्सच्या भिंती जगभरच्या आर्टिस्टांनी रंगवल्यात, लोक मुद्दाम बघायला जातात." झालं, मामा फुगले. आणि तसं बघितलं तर शिवजयंतीचे चित्ररथ बघायला रात्रभर रस्त्यावर उभी राहणारी माणसं आम्ही, आम्हाला कोण कला शिकवणार!

पोरांनी फरशा काढल्या, पांढरा प्रायमर मारला, खडूने चौकटी आखल्या आणि मोबाईलमधला फोटो बघत एकेक चौकट भरत गोकाकचा धबधबा उतरवला. खरा धबधबा 171 फूट, आमची भिंत सहा फूट, तरी झुलता पूल पण बसवला. पावसाळ्यात घटप्रभेचं पाणी तांबडं असतं म्हणून यांनी पण तांबडंच रंगवलं, आणि तिथेच घात झाला. त्या रंगात पान थुंकलेलं दिसतच नाही. शिवाय एवढं पाणी धो धो पडताना समोर बघून ज्यांना आधी लागलेली नसायची त्यांना पण लागायला लागली.

खाली नाव घालायचं तर कुठल्या भाषेत, यावरून कोपऱ्यावर दोन गट पडायच्या आत पोरांनी शहाणपणा केला आणि काहीच लिहिलं नाही. त्याने तर जास्तच झालं. शेजारच्या मावशी म्हणतात ही आंबोली, दरवर्षी पावसात भजी खायला जातो की आम्ही, मी ओळखणार नाही काय? समोरचे अण्णा म्हणतात गोकाकच, तो पूल दिसत नाही काय वो? म्हणजे धबधबा महाराष्ट्रातला की कर्नाटकातला? 1956 पासूनचा प्रश्न कोर्टात पडलाय तो पडलाय, आता माझ्या कंपाउंडवर पण आला.

त्यात प्री-वेडिंगवाले. एका रविवारी मी बनियन-टॉवेलवर दुधाची पिशवी घ्यायला फाटक उघडलं तर समोर नवरी, नवरा आणि धूर सोडणारं मशीन. "अंकल, थोडं बाजूला होता काय?" माझ्याच फाटकातून मीच बाजूला झालो. दोरीवरची माझी लुंगी पण त्यांनी काढायला लावली, फ्रेममध्ये येते म्हणून.

खरा कहर जूनमध्ये झाला. बेळगावचा पाऊस, भिंतीला ओल धरली, आणि नेमकी पुलाच्या खाली पोपडी सुटून पाणी झिरपायला लागलं. ज्या ऑफिसने रंगवलं तिथे गेलो तर साहेब म्हणाले, भिंत तुमची, रिपेरी तुम्ही करायची, खरं चित्राला धक्का लागता कामा नये, ते पब्लिकचं आहे. मेस्त्रीला बोलावलं. तो थापी हातात घेऊन पाच मिनिटं नुसता बघतच राहिला. "काका, कशाला बुजवता वो, खरंच पाणी येऊलालंय की! लोक व्हिडिओ काढूलाल्यात बघा."

बाहेर जाऊन बघितलं तर खरंच पंधरा-वीस माणसं उभी होती. आतून बायको ओरडली, "नळाला पाणी आलं काय हो?"

आज सहावा दिवस होता.