चेक लोकांना नास्तिक केले ते साम्यवाद्यांनीच?

‘साम्यवादी राजवटीने चाळीस वर्षांत चेक लोकांच्या मनातून देव काढून टाकला, म्हणूनच तो युरोपातला सर्वांत नास्तिक देश झाला’ हे विधान वारंवार केले जाते. ते स्लोव्हाकियाच्या सीमेवरच अडखळते. १९४८ ते १९८९ या काळात चेक आणि स्लोव्हाक एकाच राज्यात, एकाच पक्षाच्या अमलाखाली होते; तरीही २००१ च्या जनगणनेत स्लोव्हाकियातील सुमारे ६९ टक्के लोकांनी आपण रोमन कॅथलिक असल्याचे नोंदवले, चेक प्रजासत्ताकात मात्र अवघ्या २७ टक्क्यांनी. १९९१ मध्ये चेक प्रजासत्ताकातले हे प्रमाण ३९ टक्के होते, म्हणजे धर्माचरणाची मोकळीक मिळाल्यानंतरही घसरण थांबली नाही.

यावर काही जण थेट यान हुसकडे बोट दाखवतात, आणि तेही मला पटत नाही. रोमन चर्चला आव्हान दिल्याबद्दल १४१५ मध्ये जिवंत जाळला गेलेला हा चेक धर्मोपदेशक आणि त्याचे अनुयायी कमालीचे श्रद्धाळू होते. खरी गाठ पडली ती १६२० मध्ये प्रागजवळच्या बीला होरा टेकडीवरील लढाईत बंडखोर प्रोटेस्टंट सरदारांचा पराभव झाल्यावर. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातील सम्राटाने १६२७ च्या फर्मानाने बोहेमियात, म्हणजे प्रागभोवतीच्या चेक प्रदेशात, कॅथलिक पंथ तेवढा वैध ठरवला, आणि ज्यांना तो मान्य नव्हता त्या सरदारांना व नागरिकांना देश सोडावा लागला. कुळांना तर तीही मुभा नव्हती. चर्च आणि परके सिंहासन ही जोडी चेक राष्ट्रवादाने पुढे एकोणिसाव्या शतकात नेमकी हेरली.

म्हणूनच ३ नोव्हेंबर १९१८ रोजी, स्वातंत्र्याला आठवडाही झालेला नसताना, बीला होरावरील सभेहून परतलेल्या जमावाने प्रागच्या जुन्या चौकातील मेरीचा स्तंभ दोर लावून खाली ओढला. वास्तविक तो १६५० मध्ये स्वीडिश सैन्यापासून शहर वाचल्याच्या कृतज्ञतेपोटी उभारला होता, पण लोकांच्या लेखी तो बीला होराच्या पराभवाची खूण होता. १९२१ च्या जनगणनेत चेकोस्लोव्हाकियातील सात लाखांहून अधिक लोकांनी आपला कोणताच धर्म नसल्याचे सांगितले आणि पाच लाखांहून अधिक लोकांनी रोमपासून फुटून निघालेल्या नव्या राष्ट्रीय चर्चचे नाव दिले. तेव्हा साम्यवादी सत्ता यायला २७ वर्षे होती.

साम्यवाद्यांचा वाटा नाकारणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९५० मध्येही चेक प्रदेशातील सुमारे तीन चतुर्थांश लोक कागदोपत्री कॅथलिक होते. त्याच वर्षी मठ बंद पाडून भिक्षूंना डांबण्यात आले. या घावाने स्लोव्हाकियात चर्चविषयी आपुलकी वाढली, तर बोहेमियात आधीच सैल झालेले नाते तुटले.

‘नास्तिक’ हा शिक्काही घाईचाच आहे. २०२१ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांहून अधिक चेक नागरिकांनी आपण श्रद्धाळू आहोत, पण कोणत्याही चर्चचे नाही, असे नोंदवले आहे.