फळं सोडायला लावणारा तो 'सातपट'चा आकडा

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतोय: 'फळांतली साखर ग्लुकोजच्या सातपट वेगाने शरीर म्हातारं करते आणि थेट रक्तात उतरते. फळं बंद करा. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, साखर चढणारच नाही.' मधुमेह असलेली कितीतरी माणसं हे वाचून फळं सोडतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

आधी 'सातपट'. साखर प्रथिनांना चिकटते, त्याला ग्लायकेशन म्हणतात. परीक्षानळीत फ्रुक्टोज हिमोग्लोबिनला ग्लुकोजच्या सुमारे सातपट वेगाने चिकटतं, इथवर खरं आहे. पण परीक्षानळीत दोन्ही साखरा सारख्याच प्रमाणात घेतलेल्या असतात. रक्तात तसं नसतं. उपाशीपोटी लिटरभर रक्तात ग्लुकोज साधारण ५ मिलिमोल (मीटरवर सुमारे ९०) असतं, फ्रुक्टोज त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. बहुतेक फ्रुक्टोज आतडं आणि यकृतच अडवून ठेवतं. त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, कोलॅजेन, वर्षानुवर्षं बदललं जात नाही, त्यामुळे त्याचं खरं नुकसान करतं ते सतत चढं राहिलेलं ग्लुकोज. फ्रुक्टोजचा धोका आहे तो यकृतावरच्या चरबीचा, आणि तो प्रामुख्याने गोड पेयांतून येतो. ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये जवळपास ३५ ग्रॅम साखर असते आणि चावायला काहीच नसतं.

'थेट रक्तात' हाही अर्धाच मुद्दा. १८० ग्रॅमच्या सफरचंदात सुमारे १९ ग्रॅम साखर आणि ४ ग्रॅम तंतू असतात. १९७७ साली सफरचंद, त्याचा गर आणि रस यांची तुलना झाली. तिन्हींत कर्बोदकं ६० ग्रॅम. साखर तिन्हींनी सारखीच चढली. फरक पुढे पडला: रसानंतर इन्सुलिन जास्त स्रवलं आणि साखर मूळ पातळीखाली घसरली, अख्ख्या सफरचंदानंतर तसं झालं नाही. रस प्यायला लागणारा वेळ सफरचंद खाण्याच्या अकराव्या हिश्श्याइतकाच होता. म्हणून फळ चावून खा, रस टाळा.

'फळ खाल्लं आणि मीटरवर २५० आलं,' असं सांगणाऱ्यांनी आधी हात बघावेत. फळ सोललेल्या बोटावर रस राहतो, तो रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि आकडा खोटा फुगतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून भागत नाही. साबण-पाण्याने हात धुऊन, कोरडे करून मग टोचा. खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजा.

आता 'थोडं थोडं'. जठर अन्न ठरावीक गतीने पुढे सोडतं, त्यामुळे जेवण दुप्पट केलं म्हणून साखरेचं शिखर दुप्पट होत नाही, चढ लांबतो. दर दोन तासांनी खाल्लं तर मधुमेहात आधीचा चढ उतरायच्या आत पुढचा सुरू होतो. प्रागमध्ये टाइप-२ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. कॅलरी तेवढ्याच ठेवून १२ आठवडे सहा छोटी जेवणं आणि १२ आठवडे फक्त न्याहारी व दुपारचं जेवण, अशी तुलना होती. वजन आणि उपाशीपोटीची साखर दोन जेवणांवर जास्त उतरली.

पण इन्सुलिन किंवा शरीराला इन्सुलिन स्रवायला लावणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांनी डोस बदलून दिल्याशिवाय एकही जेवण गाळू नका. औषध आपलं काम करत राहतं, पोटात अन्न नसतं आणि साखर ७० च्या खाली जाऊ शकते.