घोड्यावरून कॅन्सर हाकणारे : एका प्रतिक्रियेला उत्तर

'जुना वाचक' यांस,

आपली प्रतिक्रिया येऊन ४ दिवस झाले. पहिल्या दिवशी लिहिलेलं उत्तर मी पुसून टाकलं, दुसऱ्या दिवशीचंही. हे तिसरं, आणि त्यातल्या त्यात सौम्य. प्रतिक्रियांच्या चौकटीत मावेना, म्हणून स्वतंत्र टाकते आहे.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्तनांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी जमवायला आम्ही काही घोडेस्वारांनी ५० किलोमीटरची रपेट केली, तिच्याबद्दल मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर या गृहस्थांचं (गृहस्थच असावेत, बाई असल्या तर माफी मागेन, पण वेळ येईलसं वाटत नाही) म्हणणं असं. लेखात खोगीरभरती फार आहे. ५० किलोमीटर 'दौडत' जाणं शक्य नाही. घोड्यांना फुकटचा ताण दिला. घोड्यांची ने-आण, तंबू, गुलाबी टी-शर्ट हा खर्च वजा जाता संशोधनाच्या वाट्याला किती उरलं, ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि मग पैसे थेटच का दिले नाहीत? सगळ्यात शेवटी हे : "उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकून होतो. घोड्यावरून कॅन्सर हाकणारे पहिल्यांदाच पाहिले."

या वाक्याखाली १७ जणांनी हसरे चेहरे टाकले आहेत. मोजले मी.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी देऊन टाकते, म्हणजे पुढे बोलायला मोकळी. 'दौडत' हा शब्द चुकला. एवढा पल्ला कोणी घोडा चौखूर उधळत नेत नाही. बरीचशी वाट दुडकीने काटली, चढावर साध्या चालीने, आणि दोन ठिकाणी तर आम्हीच खाली उतरून लगाम धरून पायी चाललो. लेखात दुरुस्ती केली आहे. तुम्हाला घोड्यातलं कळतं हेही मान्य. म्हणून तर ते वाक्य जास्त लागलं. ज्याने उभ्या जन्मात रिकिबीत पाय घातला नाही अशा माणसाने लिहिलं असतं, तर वाचून सोडून दिलं असतं.

आता ते वाक्य.

उंटावरून शेळ्या कोण हाकतो? ज्याला खाली उतरायचं नसतं तो. म्हणजे आम्ही दुरून, अंग राखून, ज्याच्याशी देणंघेणं नाही अशा कामात उंचावरून हात हलवत होतो, असं तुम्हाला म्हणायचं आहे. साहेब, त्या दिवशी आम्ही २३ स्वार होतो. त्यातल्या ९ जणी ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन आलेल्या. मी त्यांतली एक. लेखात हे लिहिलं नव्हतं, कारण मला घोड्यांबद्दल लिहायचं होतं आणि दर वेळी आपली फाइल उघडून दाखवायचा वीट येतो. आता तुम्ही उघडायला लावलीच आहे, तर घ्या.

२०१६ साल. डाव्या बाजूला गाठ निघाली. गाठीबरोबर काखेतल्या १४ लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या. घरी सोडताना हातात एक छापील कागद दिला : या हाताने पाण्याची बादलीसुद्धा उचलू नये, सूज येईल. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, "कायमचं." घोड्यावर डावीकडून चढतात हे तुम्हाला सांगायला नको. तलवार डाव्या कमरेला लटकायची तेव्हापासूनची ती रीत. डाव्या मुठीत लगाम आणि आयाळ धरायची आणि अंग वर खेचायचं. माझा नेमका तोच हात बाद.

७ महिन्यांनी पुन्हा पागेत गेले. उजवीकडून चढणारं माणूस माझ्या घोडीने तोवर पाहिलेलं नव्हतं. मी उजवीकडे गेले की ती गर्रकन फिरायची आणि आपली डावी बाजू माझ्यापुढे आणून ठेवायची, 'अगं, इकडून' म्हणावं तशी. मोतद्दार स्टूल धरून उभा, स्टुलावर मी, आणि घोडी फिरते आहे. तिला पटायला ३ आठवडे लागले. त्या दिवसांत उंट मिळाला असता तर मी खुशीने घेतला असता हो. उंट निदान खाली तरी बसतो.

त्या कागदाचं पुढे काय झालं तेही ऐका. कॅथरीन श्मिट्झ या अमेरिकन संशोधक बाईंनी, स्तनांच्या कर्करोगानंतर हाताला अशी सूज आलेल्या १४१ जणी घेऊन एक चाचणी केली होती. निम्म्या जणींना देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही. उलट ती मधूनच उफाळून यायची ते कमी झालं आणि हातात बळ आलं. हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं २००९ मध्ये. माझ्या हातात बादलीचा कागद पडला २०१६ मध्ये. मधली ७ वर्षं ती माहिती कुठे पेंड खात होती कोण जाणे. मला ती सांगितली एका फिजिओथेरपिस्ट बाईने, आणि तिच्यामुळे मी लगाम पुन्हा डाव्या हातात घेतला. संशोधन म्हटलं की लोकांना नवी गोळी दिसते. माझ्यासाठी त्यात बादलीही येते.

गोळीचंच ऐकायचं असेल तर तेही आहे. माझी गाठ हर-टू पॉझिटिव्ह होती, म्हणजे तिच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन फाजील होतं. स्तनांच्या कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० टक्के या जातीचे असतात, आणि एके काळी डॉक्टरांचा चेहरा उतरायचा तो याच जातीचं नाव निघालं की. आज त्यावर ट्रास्टुझुमॅब आहे, त्या प्रथिनाला जाऊन चिकटणारी, प्रयोगशाळेत बनवलेली अँटिबॉडी. मी दर ३ आठवड्यांनी एक असे १८ डोस घेतले. हर-टूच्या जनुकाच्या जादा प्रती असल्या की आजार जास्त आक्रमक होतो, हे अमेरिकेतले कॅन्सरचे डॉक्टर डेनिस स्लेमन यांनी १९८७ मध्ये दाखवलं. औषध तयार करणारी कंपनी मात्र पैसे घालायला कचरत होती, कारण अँटिबॉडीने कॅन्सर आवरण्याचे आधीचे प्रयोग फसलेले होते. मग पैसा आला कुठून? रेव्हलॉनकडून. हो, तीच लिपस्टिकवाली. लिली टार्टिकॉफ नावाच्या बाईंच्या नवऱ्यावर स्लेमन यांनी उपचार केले होते. त्या बाई रेव्हलॉनचे मालक रॉनल्ड पेरेलमन यांच्या मागे हात धुऊन लागल्या. मेजवान्या झाल्या, सिनेमातली मंडळी नटून आली, आणि त्या पैशावर प्रयोगशाळा तगली. १९९८ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

तेव्हाही कोणी जुना वाचक असेलच की. "लिपस्टिक फासून कॅन्सर पुसणारे पहिल्यांदाच पाहिले," असं लिहून त्याने १७ हसरे चेहरे मिळवले असतील. मी मात्र त्या मेजवान्यांच्या जिवावर हे उत्तर टंकते आहे.

आणि टेरी फॉक्स? २१ वर्षांचा पोरगा, हाडाच्या कॅन्सरने गुडघ्याच्या वरून पाय गेलेला. १९८० मध्ये कृत्रिम पायाने १४३ दिवस रोज जवळजवळ मॅरेथॉनइतकं धावला, ५,३७३ किलोमीटर, आणि आजार फुप्फुसात पोचला तेव्हाच थांबला. धावण्याने कॅन्सर बरा होत नाही हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याला कॅन्सरच्या संशोधनासाठी आपल्या कॅनडातल्या माणशी १ डॉलर हवा होता, तो मिळाला. त्याची आणि आमची बरोबरी करते आहे असा अर्थ काढू नका. काढालच म्हणा.

घोड्यांच्या ताणाबद्दल : पशुवैद्य हजर होते, प्रत्येक थांब्यावर नाडी मोजली जात होती. लांब पल्ल्याच्या शर्यतींत ठरावीक मिनिटांत नाडी मिनिटाला ६४ ठोक्यांवर उतरली नाही तर घोडा बाद करतात. आम्ही शर्यत करत नव्हतो तरी तोच आकडा धरला. दोन घोडे तिथेच थांबवले, स्वार कुरकुरले, तरी थांबवले. यावर एवढंच. (खरं तर एवढंच नाही. ट्रास्टुझुमॅब हृदयाला जड जाऊ शकतं, म्हणून माझाही दर ३ महिन्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) व्हायचा. हृदयाचा जोर ठरलेल्या टक्क्यांच्या खाली गेला की पुढचा डोस थांबतो. थांब्यावर पशुवैद्य माझ्या घोडीच्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून घड्याळाकडे बघत होता, तेव्हा तो काय आकडा सांगतो याची वाट मी ज्या तऱ्हेने पाहत होते, ती तुम्हाला समजणार नाही.)

अवांतर होईल, पण घोड्यांचा विषय तुम्हीच काढला आहे म्हणून. पाळी जाताना होणाऱ्या त्रासावर बायकांना वर्षानुवर्षं दिलं जाणारं प्रेमारिन गाभण घोड्यांच्या मुतापासून काढतात. नावच त्यावरून, 'प्रेग्नंट मेअर्स युरिन'वरून, पडलं आहे. १९४२ पासून ते अमेरिकेत विकलं जातं. त्याच्या जोडीला दुसरं एक संप्रेरक देऊन १६,००० हून अधिक बायकांवर झालेली मोठी चाचणी २००२ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण जोडगोळी घेणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग वाढलेला दिसला. वर्षाला दर १०,००० बायकांमागे सुमारे ८ जणी जास्त. नुसतं प्रेमारिन घेणाऱ्यांत तसं दिसलं नाही, हेही सांगते, नाहीतर तेवढ्यावरून पुन्हा पत्र येईल. सांगायचं काय, तर बायकांच्या औषधासाठी घोड्या पिढ्यान्‌पिढ्या ठाणबंद उभ्या राहिल्या आहेत. तेव्हा कोणाला त्यांचा ताण आठवलेला दिसत नाही. एक दिवस पशुवैद्याच्या नजरेखाली मोकळ्या रानात चालवल्या, तर आठवला.

खोगीरभरती : असेल. माझं लिखाण आहे, माझं खोगीर आहे.

हिशेब : तो आयोजकांकडे असतो. मी स्वार म्हणून गेले होते, खजिनदार म्हणून नाही. तंबू ज्याचे त्याने आणले होते. टी-शर्ट मिळाला हे खरं, सध्या त्याने घोडी पुसते. थेट पैसे का दिले नाहीत म्हणता, तर आदल्या वर्षी मी नुसतंच मागून पाहिलं होतं. 'संशोधनाला काही द्या' असं लिहून सगळ्या ओळखीपाळखीच्यांना पाठवलं. ६ जणांनी दिले. या वर्षी 'मी ५० किलोमीटर घोड्यावरून जाणार आहे' असं लिहिलं, तर त्याच यादीतल्या ४१ जणांनी दिले. माणसं अशी का वागतात ते त्यांना विचारा.

एवढं लिहून मी थांबणार होते, पण खरं सांगू, तुमचा हिशेबाचा प्रश्न मला लागला नाही. तो कोणीही विचारावा, विचारायलाच हवा. साध्या शब्दांत विचारला असता तर साध्या शब्दांत उत्तर दिलं असतं. पण तुम्ही तो हशाच्या आधी टाकलात आणि हशाच्या आधीचा प्रश्न कोणी वाचत नाही. ते १७ जणही तो वाचून हसलेले नाहीत. आमच्यातल्या एकीचा आजार हाडात गेलेला आहे. तिने २० किलोमीटर केले, मग तिला उतरवून गाडीत बसवलं. तुमची प्रतिक्रिया तिनेच मला आधी पाठवली. सोबत काही लिहिलं नव्हतं, हसरा चेहराही नव्हता.

असो. तुम्ही जुने वाचक आहात असं म्हणता. असाल. नव्या वाचकांनी तरी निदान नावाने लिहावं.

ता. क. : हे लिहून झाल्यावर आयोजकांना फोन केला आणि खर्च किती, संशोधनाला किती, असं विचारलं. आधी थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग "बघून पाठवतो" म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही. आल्यावर इथेच टाकेन. तोवर या लेखाखालच्या प्रतिक्रिया बंद ठेवते आहे.