एका इंजेक्शनने गुडघ्यात नवी गादी? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मेसेज साधारण असा आहे: ‘गुडघा बदलू नका! स्टेम सेलच्या एका इंजेक्शनने झिजलेली गादी परत उगवते, गॅप भरतो. स्वतःच्याच पेशी, साइड इफेक्ट शून्य. सरकारमान्य उपचार. कुठल्याही स्टेजला चालतो, ९५ टक्के यश.’ खाली दोन एक्स-रे आणि शिबिराची तारीख.

दाव्यांकडे वळण्याआधी सिरिंजमध्ये नेमकं काय भरलंय ते विचारा. एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. दंडातून रक्त काढून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून लगेच टोचलं तर ते पीआरपी. त्यात प्लेटलेट असतात, स्टेम सेल नसतात. कमरेच्या हाडातून ५०-६० मिली मगज (हाडाच्या आतला गर, बोन मॅरो) काढून, आटवून ५-६ मिली टोचला तर तो मगजाचा अर्क. त्यात लाखभर पेशींमागे कामाच्या, म्हणजे स्टेम सेल, एक ते दहा. त्यातही घाईने एकाच जागेवरून मोठी सिरिंज भरली की मगजाऐवजी रक्तच जास्त येतं. सुई थोडी थोडी सरकवत, दर ठिकाणी थोडाच मगज ओढावा लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे दात्याच्या मगजातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून केलेलं औषध. ते द्रव नायट्रोजनच्या गारठ्यात गोठवून येतं आणि टोचण्याआधी वितळवतात. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून आणलेली कुपी म्हणजे ते औषध नव्हे.

‘गादी उगवते, एक्स-रे बघा’

एक्स-रेत गादी, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा कूर्चेचा थर, दिसतच नाही. दिसतात ती दोन हाडं आणि त्यांच्यातली मोकळी जागा. ही जागा कमी-जास्त दाखवणं अगदी सोपं आहे. झिजलेल्या गुडघ्याचा ‘आधी’चा एक्स-रे उभं करून, वजन पायावर देऊन काढा: हाडं टेकलेली दिसतील. ‘नंतर’चा टेबलावर झोपवून काढा, गॅप भरलेला दिसेल. मध्ये इंजेक्शन दिलं नाही तरी चालेल. गुडघा किती वाकवला आणि किरणांचा कोन किती, यानेही मिलिमीटरचा फरक पडतो, आणि इथे सगळा खेळ मिलिमीटरचाच आहे. म्हणून दोन्ही फिल्मवर उभ्याने काढल्याची नोंद आहे का ते पाहा. मांडीच्या हाडासमोर वाटीची जागा आणि पिंढरीचं बारीक हाड दोन्हींत सारखंच दिसतंय का, तेही पाहा. जुळत नसेल तर ती जोडी बाद.

टोचलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत नाहीशा होतात. त्या गादी बनून बसत नाहीत. त्यांनी सोडलेल्या रसायनांनी सूज थोडी उतरते, एवढंच. अमेरिकेत ४७५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मगजाचा अर्क, चरबीतल्या पेशी आणि नाळेतल्या पेशी यांची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली होती. वर्षानंतर दुखण्यात कोणताच गट सरस ठरला नाही, एमआरआयतही फरक नव्हता. स्टेरॉइडची कुपी काही शे रुपयांत येते. (ते वारंवार घ्यावं असं मात्र नाही. दर ३ महिन्यांनी २ वर्षं घेतलेल्यांची गादी जास्त झिजली, असं २०१७ मध्ये दिसलं.)

‘९५ टक्के यश’

कशाच्या तुलनेत, ते मेसेज सांगत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये दोन्ही गुडघे दुखणाऱ्या २५ जणांच्या एका गुडघ्यात मगजाचा अर्क आणि दुसऱ्यात नुसतं सलाइन टोचलं. दोन्ही गुडघे जवळपास सारखेच बरे वाटू लागले. गुडघेदुखी मुळातच चढते-उतरते, माणूस इंजेक्शनला जातो ती चढलेली असताना. पुढच्या महिन्यात उतरली की श्रेय सुईला.

‘सरकारमान्य’

इथे मेसेजमध्ये थोडं सत्य आहे. तिसऱ्या प्रकारातल्या एका भारतीय औषधाला २०२२ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. मात्रा एका गुडघ्यात अडीच कोटी पेशी, तीही झीज ग्रेड २ किंवा ३ (ग्रेड ४ म्हणजे सर्वांत जास्त झीज) असेल तरच. त्याच्या १४६ रुग्णांच्या चाचणीत दुखणं प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली इंजेक्शनपेक्षा) जास्त कमी झालं, गादीचा दर्जा टिकला. पण गादीचं आकारमान वाढलं नाही. म्हणजे ज्याला परवानगी आहे तेसुद्धा ‘नवी गादी’ देत नाही. ही परवानगी त्या औषधापुरती आहे. मंगल कार्यालयातल्या शिबिरात मगज काढून टोचण्याला ती लागू होत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीनुसार असे प्रकार फक्त नोंदणीकृत चाचणीत करायचे, आणि चाचणीत सहभागी होण्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. भिंतीवरची महापालिकेची नर्सिंग होम नोंदणी म्हणजे उपचाराची मान्यता नव्हे. सीटीआरआय क्रमांक, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक, मागा. तो नाही आणि वर लाखाचं बिल आहे, तर उठून या.

‘साइड इफेक्ट शून्य’

दोन-तीन दिवस सूज आणि कमरेला ठणका नेहमीचाच. भीती जंतुसंसर्गाची. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून केलेल्या इंजेक्शनांनी १२ जण जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात पोचले. गुडघा लाल, गरम, टेकवता येत नाही आणि ताप आहे, तर ‘औषध काम करतंय’ या फोनवरच्या उत्तरावर थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, सिव्हिलला किंवा जवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सांध्यात पू झाला तर गादी काही दिवसांत जाते. मधुमेह असेल तर धोका आणखी.

‘कुठल्याही स्टेजला’

नाही. हाडाला हाड घासतंय, पाय बाहेरून कमानीसारखा वाकलाय, तिथे पेशी टोचून पाय सरळ होत नाही.

ग्रेड २-३ ला आधी करायचं ते फुकटात आहे. घरातला सोलापुरी टॉवेल गुंडाळून गुडघ्याखाली ठेवा, गुडघ्याने तो दाबा, ५ ते १० सेकंद धरा; १०-१५ वेळा, दिवसातून दोनदा. मांडीचा स्नायू भरायला दीड-दोन महिने लागतात, लोक आठवड्यात सोडतात. वजन एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडी घालून, सूप पुढ्यात घेऊन तासन् तास विड्या वळणाऱ्या मावशींना सूप टेबलावर आणि स्वतः खुर्चीवर, एवढ्या बदलानेही फरक पडतो. सोबत डायक्लोफिनॅकचं जेल, घरात कमोड.

ग्रेड ४ ला, रात्रीची झोप जात असेल तर, सांधेबदल. त्याच्या खर्चाचा बागुलबुवा करूनच हे इंजेक्शन विकलं जातं. २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या संचाची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली होती. बिलात इम्प्लांटची रक्कम वेगळी लिहून घ्या, आणि डब्यावरचं स्टिकर फाइलला लावलंय का ते डिस्चार्जच्या आधी तपासा.